साताऱ्यातून ओमेगा सेंटॉरी: कधी जायचं, कुठं उभं राहायचं

तारकागुच्छ बघायचे म्हटलं की बहुतेकांची सुरुवात कृत्तिकांपासून होते, आणि ती तिथूनच व्हावी. हिवाळ्यात कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात, अंगणातून दिसतात, त्यांच्यासाठी वेगळं नियोजन लागत नाही. हा लेख त्याच्या पुढच्या पायरीवर आलेल्यांसाठी आहे. ज्यांना चार-पाच नक्षत्रं ओळखता येतात, घरात एखादा बायनॉक्युलर आहे आणि आता खरोखर खोल आकाशातलं काहीतरी बघायचं आहे, त्यांनी या उन्हाळ्यात ओमेगा सेंटॉरीच्या मागे लागावं.

हा आपल्या आकाशगंगेतला सर्वांत मोठा बंदिस्त तारकागुच्छ. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर, साधारण १५० प्रकाशवर्षं रुंदीच्या गोळ्यात अंदाजे १ कोटी तारे. नुसत्या डोळ्यांना तो अंधूक ताऱ्यासारखा दिसतो, म्हणूनच १६०३ मध्ये जर्मन नकाशाकार बायरनं आपल्या आकाशाच्या नकाशात त्याला ताऱ्यासारखं ग्रीक अक्षर देऊन टाकलं. १६७७ मध्ये एडमंड हॅलीनं सेंट हेलेना बेटावरून पाहिलं तेव्हा हा साधा तारा नाही हे त्याच्या लक्षात आलं. एखाद्या छोट्या दीर्घिकेला आपल्या आकाशगंगेनं गिळलं आणि तिचा गाभा तेवढा उरला, तो हा गुच्छ असावा असं आज अनेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. त्याच्या केंद्राजवळचे काही तारे इतक्या वेगानं धावताना आढळले आहेत की तिथं किमान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असलं पाहिजे, असा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

लंडनमधून हा गुच्छ कधीच उगवत नाही. दिल्लीतून तो जेमतेम १४ अंश वर येतो, म्हणजे धुरकट हवेतच अडकतो. साताऱ्यातून मात्र तो २५ अंशांपर्यंत चढतो. ही उंची फार नाही, पण पुरेशी आहे. अट एवढीच, की महिना, तिथी, तास आणि जागा या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

आधी एक वजाबाकी

कुठलाही तारकागुच्छ तुमच्या गावातून किती वर येणार हे घरबसल्या काढता येतं. त्याची क्रांती शोधायची. क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते माप. दक्षिणेकडच्या गुच्छासाठी ९० मधून आपला अक्षांश वजा करायचा, मग क्रांतीचे अंश वजा करायचे.

ओमेगा सेंटॉरीची क्रांती दक्षिण ४७.५ अंश. साताऱ्याचा अक्षांश १७.७. म्हणजे ९० वजा १७.७ वजा ४७.५, उत्तर २४.८. सांगलीचा अक्षांश १६.९ असल्यानं तिथून तो आणखी जवळपास एक अंश वर दिसतो. हात पुढं ताठ केला की मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश झाकते, म्हणजे हा गुच्छ दक्षिण क्षितिजापासून अडीच मुठींवर येणार. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, जागा निवडताना तो सतत लागणार आहे.

तास: चित्रेला विचारा

क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश जाड हवेतून येतो. २५ अंशांवरसुद्धा तो डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा सुमारे अडीचपट हवा कापून येतो. त्यामुळे गुच्छ बरोबर दक्षिणेला, आपल्या सर्वोच्च जागी असतानाच बघायचा. त्याच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास तो १९-२० अंशांच्या वर राहतो. हा चार तासांचा पट्टाच आपल्या कामाचा.

हा क्षण कधी येतो? साताऱ्यात १५ मार्चच्या सुमारास रात्री अडीचला, १५ एप्रिलला साडेबाराला, १५ मेला साडेदहाला. रोज चार मिनिटं अलीकडे सरकतो, महिन्याला दोन तास. म्हणून मार्चमध्ये तो पाहायचा तर झोपमोड करावी लागते, आणि मेमध्ये जेवून निघालात तरी चालतं.

घड्याळापेक्षा सोपी खूण आकाशातच आहे. चित्रा हा तारा आणि ओमेगा सेंटॉरी जवळजवळ एकाच उभ्या रेषेवर आहेत. दोघं दक्षिणोत्तर रेषा ओलांडतात त्यात फक्त दोन मिनिटांचं अंतर. चित्रा बरोबर दक्षिणेला आली, ६१ अंशांवर उभी राहिली, की समजायचं गुच्छ तिच्या थेट खाली, साडेतीन मुठींवर आला आहे. मोबाइलवर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं अॅप असेल तर ठिकाण सातारा टाकून हे आदल्या दिवशी ताडून बघा. पण रानात गेल्यावर मोबाइल खिशात ठेवता यावा म्हणून चित्रेची खूण शिकून घ्याच.

तिथी: घरातली दिनदर्शिका पुरे

चंद्र असेल तर जाऊ नका. यात तडजोड करणारे निराश होऊन परततात आणि मग दुर्बिणीला दोष देतात. चैत्री पौर्णिमेला तर चंद्र चित्रेच्याच आसपास असतो, म्हणजे नेमका आपल्या वाटेवर.

एप्रिलमध्ये निरीक्षण मध्यरात्रीच्या आसपास असल्यानं वद्य एकादशीपासून शुद्ध पंचमीपर्यंतच्या रात्री चांगल्या. एकादशीचा चंद्र पहाटेकडे उगवतो, पंचमीचा रात्री अकराच्या आत-बाहेर मावळतो. मेमध्ये काम आधी उरकतं, त्यामुळे वद्य अष्टमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंत जाता येतं. एकच मुहूर्त सांगा म्हणाल तर मी चैत्र वद्य एकादशी ते अक्षय्य तृतीया हे दिवस सांगेन. त्या काळात तासही सोयीचा असतो आणि अंधारही पूर्ण.

दिनदर्शिकेत तिथीबरोबर आणखी एक गोष्ट बघायची: यात्रा आणि लग्नं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे गावोगाव यात्रा भरतात. रात्रभर रोषणाई, कर्णे, गाड्यांची वर्दळ. लग्नसराईत वरातीचे शार्पी दिवे आकाशात झोत मारतात, ते पाच-सहा किलोमीटरवरूनही त्रास देतात. ज्या गावाजवळ जाणार त्या गावात त्या दिवशी काय आहे हे एका फोनवर कळतं. शिखर शिंगणापूरची यात्रा चैत्र शुद्ध पक्षात असते. तेव्हा चांदणंही असतं, त्यामुळे माण तालुक्याकडे त्या पंधरवड्यात दुर्बीण घेऊन जाण्यात अर्थ नाही.

जागा: दक्षिण मोकळी, गाव पाठीशी

सातारा शहराच्या पेठांमध्ये राहणाऱ्यांची अडचण उघड आहे. दक्षिणेला अजिंक्यतारा आडवा. शहराचे दिवे वेगळेच. गच्चीवरून चित्रा, स्वाती, हस्त ओळखण्याचा सराव करा, गुच्छासाठी बाहेर पडा.

बाहेर पडायचं म्हणजे कुठं? अंधार कुठंही चालत नाही, तो दक्षिणेला हवा. गावाच्या उत्तरेला पंधरा किलोमीटरवर जाऊन उभं राहिलात तर तुमचा गुच्छ त्या गावाच्या दिव्यांच्या धुक्यातच येणार. उलट गावाच्या दक्षिणेला तेवढंच अंतर गेलात तर दिवे पाठीमागे राहतात. म्हणून नकाशा उघडून पहिलं काम हे करा: जायच्या जागेपासून सरळ दक्षिणेला रेघ ओढा आणि तिच्यावर पुढच्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये कुठलं मोठं गाव लागतं ते बघा. राष्ट्रीय महामार्गाला लागून असलेल्या जागा यातच बाद होतात. कृष्णाकाठानं कराडकडे जाणारी दिव्यांची माळ दक्षिण-आग्नेयेला सतत असते.

माझी पहिली पसंती ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार. साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्यावरून रस्ता जातो. पठार उंच आहे, त्यामुळे खोऱ्यातली धूळ बऱ्यापैकी खाली राहते, आणि दक्षिणेला जमीन पाटण तालुक्याकडे उतरत जाते, तिकडं मोठं शहर नाही. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वारा जोरात असतो, हलकी दुर्बीण थरथरते, तेव्हा गाडीच्या आडोशानं मांडणी करा. आणि पवनचक्क्या. त्यांची रांग नेमकी दक्षिणेला येणार नाही असा तुकडा दिवसा जाऊन निवडून ठेवा. कंपन्यांच्या कुंपणात शिरू नका.

कासचं नाव सगळे आधी घेतात. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ मध्ये आलेलं ते पठार आहे, आणि तिथल्या खडकावरच्या पातळ मातीत पुढच्या पावसाळ्याची फुलं झोपलेली असतात. रात्री तिथं तंगड्या पसरून बसणं मला पटत नाही, नियमही आड येतात. त्या बाजूला जायचंच असेल तर रस्त्यावरच्या एखाद्या घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी राहा, मालकाला बाहेरचे दिवे बंद करायला सांगा आणि अंगणातून बघा. सज्जनगडावर रात्री दरवाजा बंद होतो, त्यामुळे गडावरच मुक्काम नसेल तर तो पर्याय धरू नका.

ज्यांना घाटरस्ता नको, त्यांच्यासाठी जिल्ह्याची पूर्व बाजू उत्तम आहे. खटाव-माणची माळरानं, दहिवडी-म्हसवडकडचा भाग. पावसासाठी आसुसलेला हा मुलूख आकाशनिरीक्षकाला मात्र ढगांविना जास्त रात्री देतो, आणि सपाट माळावर क्षितिज खालपर्यंत मोकळं मिळतं. पश्चिमेकडं वळवाचे ढग जमू लागल्यावरही इकडं तारे दिसत असतात. सांगलीकरांनी याच न्यायानं आटपाडी किंवा जतकडं जावं.

जागा दिवसा बघून याच. उभं राहा, दक्षिणेकडं तोंड करा, मुठी मोजा. दीड मुठीच्या वर डोंगर, झाड, विजेचा खांब काही येता कामा नये. मोबाइलचं होकायंत्र गाडीच्या लोखंडाजवळ चुकतं, म्हणून चार पावलं लांब जाऊन बघा. रात्री दिशेची खात्री करायला ध्रुव आहे. साताऱ्यातून तो उत्तरेला १७-१८ अंशांवर असतो, त्याच्याकडं पाठ केली की तुमचं तोंड दक्षिणेला.

हवा

नवख्यांना निरभ्र आकाश म्हणजे चांगलं आकाश वाटतं. डोक्यावरच्या गुच्छासाठी ते बऱ्याच अंशी खरं आहे. क्षितिजाजवळच्या गुच्छाला धूळ आणि धूर मारतात. एप्रिल-मेमध्ये ढग नसतानाही खालचे पंधरा अंश तपकिरी असतात. डोंगरांवर वणवे लागतात, भातखाचरांत राब भाजतात, ऊसपट्ट्यात पाचट पेटवलं जातं. दुपारी चारला दक्षिणेकडचे लांबचे डोंगर स्पष्ट दिसतात का हे बघायची सवय लावा. डोंगरांच्या कडा धूसर असतील तर रात्री गुच्छही धूसर असणार.

सर्वांत स्वच्छ रात्र वळवाच्या पावसानंतरची. संध्याकाळी गडगडाट होऊन सर पडून गेली आणि दहापर्यंत ढग फाटले, तर हवा धुतलेली असते. अशा रात्रीसाठी सामान भरून तयार राहायचं, कारण ती आधी सांगून येत नाही. वीज चमकत असेल तोवर मात्र उघड्या पठारावर पाय ठेवायचा नाही. मेच्या शेवटाकडं कोकणातून वर चढणारं बाष्प सह्याद्रीच्या पठारांवर धुकं आणतं, तेव्हा पूर्वेकडं वळा.

सामान आणि गावकरी

७×५० किंवा १०×५० चा (म्हणजे ७ किंवा १० पट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगाचा) बायनॉक्युलर पुरेसा आहे. तो ट्रायपॉडवर बसवता आला तर दुपटीनं दिसतं, नाहीतर कोपर गाडीच्या टपावर टेकवा. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर या एका गुच्छासाठी विकत घेऊ नका. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. अशा मंडळींबरोबर एक रात्र काढली की आपल्याला कोणती दुर्बीण हवी ते कळतं.

बॅटरीला लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झोतानं ती सगळी वाया जातात. बूट घाला, चपला नकोत. उन्हाळ्याच्या रात्री फुरसं, घोणस बाहेर असतात, दगडावर बसायच्या आधी उजेड टाकून बघा. घाटाच्या बाजूला गवे आणि बिबटे आहेत, एकट्यानं जाऊ नका. मे असला तरी पठारावर मध्यरात्री कानाला वारा लागतो, कानटोपी आणि चहाचा थर्मास असू द्या.

आणि गावात सांगून जा. मध्यरात्री माळावर परकी गाडी, तीन पायांवर उभं केलेलं नळकांडं, लाल दिवे हलताहेत, हे बघून कोणालाही शंका येणारच. संध्याकाळीच पोलीस पाटलांना भेटून काय करणार ते सांगा. शेत कोणाचं आहे ते विचारा आणि त्यांची परवानगी घ्या. सोबत बघायला या म्हणून त्यांच्या पोरांना बोलवा. अशी पोरं आली की रात्र चांगली जाते, आणि पुढच्या वर्षी ती जागा तुमच्यासाठी मोकळी राहते.

शोधायचा कसा

ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. उत्तरेला उंचावर सप्तर्षी दिसतील. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढं वाढवला की नारिंगी झाक असलेली तेजस्वी स्वाती लागते, बाक आणखी पुढं नेला की पांढरीशुभ्र चित्रा. चित्रेच्या उजवीकडं चार ताऱ्यांचा वाकडा चौकोन म्हणजे हस्त.

तोवर दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू, म्हणजे क्रुसाच्या आकाराचे चार तारे, उभा असेल. तो गुच्छाच्या साधारण तासभर आधी दक्षिणोत्तर रेषेवर येतो, ९ ते १५ अंशांवर. मार्च-एप्रिलमध्ये रात्र चढायच्या आत त्याच्या उजवीकडं, नैर्ऋत्येला, आणखी एक मोठा, फिकट क्रूस दिसतो. तो फसवा आहे, त्याच्यावरून वाट काढू नका. खऱ्या त्रिशंकूच्या डावीकडं थोड्याच वेळात मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे वर येतात. तेवढी खूण दुसरीकडं नाही.

आता वर-खाली दोन्हीकडून पकडायचं. वरून: चित्रेपासून सरळ खाली साडेतीन मुठी. खालून: त्रिशंकूच्या जवळचा मित्रक घ्या, त्याच्या वर, जरा उजवीकडं, पाऊण मुठीवर एप्सिलॉन सेंटॉरी हा तारा आहे. तीच रेघ जवळपास तेवढीच पुढं नेली की तुम्ही गुच्छावर येता. दोन्ही रेघा जिथं मिळतात तिथं बायनॉक्युलर लावा. खात्रीसाठी झीटा सेंटॉरी आहे. हा तारा गुच्छाच्याच उंचीवर, डावीकडं पाच अंशांवर असतो. बहुतेक बायनॉक्युलरच्या चौकटीत झीटा डाव्या कडेला आणि गुच्छ उजवीकडं असे दोघं एकदम मावतात. एक टिपका टोकदार, दुसरा मऊ आणि गोल. जो मऊ, तो आपला.

बघायचा कसा

इथं घाई करू नका. पहिल्या नजरेत तो लहान धुरकट ठिपकाच दिसतो आणि पुष्कळ जण तेवढ्यावर समाधान मानून निघतात. नजर थेट त्याच्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग मंद उजेडात आंधळा असतो, कडेचा भाग जास्त टिपतो. दहा मिनिटं तसं बघत राहिलात की ठिपका पसरायला लागतो, मध्ये उजळ, कडेला विरत जाणारा. फोटोंमध्ये त्याचा व्यास पौर्णिमेच्या चंद्राहून थोडा मोठा भरतो. डोळ्याला त्याचा मधला भागच आधी दिसतो, बाकीचा हळूहळू. बायनॉक्युलर बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनीही शोधा. त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा ठळक) ३.९ आहे, चांगल्या रात्री चाळकेवाडीसारख्या जागेवरून तो दिसू शकतो.

८० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत गोळा खरखरीत होतो, तारे आहेत असं जाणवतं पण सुटत नाहीत. १५० ते २०० मिलिमीटर आरशाची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर फिरणारी दुर्बीण) असेल आणि ७०-१०० पट मोठं करून पाहिलंत, तर काळ्या घोंगडीवर रवा सांडावा तसे तारे कडेपासून आतपर्यंत मोकळे होतात. ते दिसलं की सोबतची माणसं आपोआप गप्प होतात. प्रत्येकाला पाच मिनिटं निवांत द्या. दुर्बिणीची पट फार वाढवू नका, या उंचीवर हवा हलते आणि चित्र उकळल्यासारखं होतं.

वहीत तारीख, वेळ, जागा, हवेची स्थिती आणि डोळ्याला काय दिसलं ते तिथंच लिहा. शक्य तर वर्तुळ काढून गुच्छाचा आकार पेन्सिलनं चितारा. हा गुच्छ थोडा चपटा आहे. तो चपटेपणा पहिल्या रात्री कोणालाच दिसत नाही, चित्रं जमत गेली की दिसायला लागतो.

मोठी दुर्बीण असेल तर गुच्छापासून अर्धी मूठ वर सरका. तिथं सेंटॉरस ए ही दीर्घिका आहे, मधून काळी पट्टी गेलेली. ती दिसण्यासाठी मात्र हवा फारच चांगली लागते. मेमध्ये मध्यरात्रीनंतर थांबणार असाल तर आग्नेयेला वृश्चिकाची शेपटी वर येते आणि तिच्या नांगीच्या डावीकडं मेसिए ७ हा खुला तारकागुच्छ बायनॉक्युलरमध्ये सहज सापडतो. त्याची क्रांती दक्षिण ३४.८ अंश. वरची वजाबाकी केलीत तर साताऱ्यातून तो साडेसदतीस अंशांवर जाईल. मेच्या मध्यावर ही वेळ पहाटे तीनची.